न्हाणीचा उभा नळ

फार वर्षांमागे एका डोंगराच्या उतारावर कुंभारांचं गाव होतं. तिथं एक विधवा कुंभारीण राहायची. तिची एकुलती लेक येसू डोंगरापलीकडे दिली होती. लग्न झाल्यापासून ती माहेरी आलीच नव्हती.

एके दिवशी निरोप आला, येसू पहिल्या बाळंतपणाला येतेय. आई आनंदाने रडली. बाळंतिणीला ओढ्यावर कशी पाठवायची? तिने घरातच न्हाणी बांधायला घेतली. मातीचे नळ स्वतः घडवले, स्वतः भाजले.

न्हाणीबद्दल गावाचा नेम होता. सांडपाण्याच्या नळाला उतार हवा. त्याला एक वळण हवं. त्यात थोडं पाणी साचून राहतं आणि खालची घाण हवा अडवतं. शिवाय वारा घ्यायला एक उभा नळ छपराबाहेर काढायचा. गावच्या म्हाताऱ्या गवंड्याने हे सगळं पाहिलं, की मगच वर फरशी बसवायची.

गवंडी आला. उतार पाहिला, वळण पाहिलं. "उभा नळ कुठाय, पोरी?"

"आबा, त्यासाठी भट्टी पुन्हा लावावी लागेल, छप्पर उकलावं लागेल. लेक आता येईल. नंतर लावीन."

"तोवर फरशी बसवू नकोस. पाण्याला मागून वारा मिळाला नाही, तर ते वळणातलं पाणीही ओढून नेतं."

आबा गेले आणि तिने फरशी बसवून टाकली.

येसू आली. तिला मुलगी झाली. आई रोज पाणी तापवून लेकीच्या पाठीवर ओतायची. येसू डोळे मिटून म्हणायची, "आई, अजून एक तांब्या."

पण इतकं पाणी जाऊ लागलं तसा नळ गुडगुडू लागला. वळण कोरडं पडलं. घरभर कुजका वास पसरला. काही केल्या जाईना.

बारशाला येसूची सासू आली. तिने उंबऱ्यातच नाकाला पदर लावला. "विहीणबाई, तुमची माया दिसते हो. पण या वासात मी नात ठेवणार नाही."

बैलगाडीत बसताना येसूने आईचा हात घट्ट धरला. "मला राहायचं होतं गं."

गाडी दिसेनाशी झाली. आईने घरात येऊन फरशी उखडली. भट्टी लावली, छप्पर उकललं, उभा नळ चढवला. आबांनी पाहून मान डोलावली. आता पाणी निमूट वाहून जाऊ लागलं.

तिने डोंगरापलीकडे निरोप धाडला. सासूचं उत्तर आलं, "पोर जरा मोठी होऊ दे." पोर रांगू लागली, चालू लागली, बोलू लागली. मग कुठं एका सणाला येसूला येता आलं, तेही दोनच दिवस.

आजीने पाणी तापवलं आणि हात पुढे केले. "ये गं, न्हाऊ घालते तुला."

नात आईच्या पदराआड लपली. "आई, ही कोण?"

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, त्याच्यासाठीचं न दिसणारं कामही वेळेवर पुरं करावं. काम मागाहून दुरुस्त होतं, हातचे गेलेले दिवस परत येत नाहीत.