पावणेचार शेतं

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कोणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि त्यांच्या आईबापांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

त्या राज्यात पाऊस थोडा आणि शेतं फार. साऱ्यांचा जीव एका मोठ्या तळ्यावर. तळ्याचं दार किती घटका उघडायचं, कोणत्या पाटाला किती पाणी सोडायचं, हे गणितानं ठरे. ते गणित करणाऱ्यांना जलगणिती म्हणत. त्या सगळ्यांना शिकवणारे गुरुजी तळ्याकाठी पाठशाळा चालवत. त्यांचा शब्द राजासुद्धा खाली पडू देत नसे.

गुरुजींना एकच मुलगी होती, साळू. आई लहानपणीच गेली, त्यामुळे ती बापाच्या मांडीवर आकडे मोजतच वाढली. खालच्या वर्गात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चौदाव्या वर्षी ती वरच्या वर्गात बसली. तिला जलगणिती व्हायचं होतं, दुसरं काहीही नको होतं.

वरच्या वर्गाची एक रीत होती. खालच्या वर्गात गणितं पाटीवर आकड्यांत लिहून मिळत. वर मात्र गुरुजी गणित तोंडानं सांगत. मुलांनी ते कानानं धरायचं, मनात सोडवायचं आणि उत्तर तेवढं बोलायचं. तळ्याच्या दारावर उभं राहिल्यावर पाटी घेऊन कोण बसणार, असं गुरुजींचं म्हणणं होतं. अभ्यासाचं वर्ष संपलं की चैत्रात राजाचा परीक्षक येई. त्याच्यापुढे जो चुकेल त्याला वरचा वर्ग सोडावा लागे.

साळूची उत्तरं चुकू लागली. सगळीच नाहीत, दहातली सहा बरोबर यायची, चार अशी चुकायची की ऐकणाऱ्याला हसू यावं. गुरुजी म्हणत, "चूक. पुन्हा." आणि तेच गणित तसंच सांगत, फक्त जरा मोठ्यानं. ती पुन्हा चुकली की आणखी मोठ्यानं. शिकवण्याची ही तऱ्हा फार जुनी आहे आणि अजून मोडीत निघालेली नाही.

एके दिवशी सगळ्या वर्गादेखत ते म्हणाले, "माझी मुलगी असून तू ढ कशी निघालीस?"

 त्या दिवसापासून साळूनं बापाला शंका विचारणं बंद केलं.

पाठशाळेच्या मागं स्वयंपाकघर होतं. तिथं एक बाई मुलांसाठी भाकऱ्या थापायची. सगळे तिला मावशी म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं, बोटांवर मोजता येईल तेवढंच गणित. साळू रोज दुपारी तिच्या चुलीपुढे जाऊन बसू लागली. आणि थोड्याच दिवसांत तिची उत्तरं सुधारली. दहातली सहा होती त्यांची सात झाली, मग आठ.

गुरुजींना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या कुडाआड जाऊन उभे राहिले. आत साळू सांगत होती, मावशी ऐकत होती.

"थांब गं बाई," मावशी म्हणाली. "पाट उताराचा आहे म्हणून पाणी लवकर पोचतं, इथवर आलं ध्यानात. मग हे दुप्पट कुठनं काढलंस? मला अडाणीला समजंल असं सांग."

साळू सांगायला लागली, मध्येच थबकली आणि खदखदून हसली. "अगं, दुप्पट नाहीच मावशी! निम्मं! मी उलटंच केलं!"

"बघ! मला काय कळतंय त्यातलं? तूच चुकलीस नि तूच धरलंस."

कुडाआड गुरुजी ते हसू ऐकत होते. ती मुलगी सहा महिन्यांत त्यांच्यासमोर एकदाही हसली नव्हती. त्यांना मत्सर वाटला. आणि कोणाचा, तर ज्या बाईला बोटांपलीकडे मोजता येत नव्हतं तिचा! स्वतःशीसुद्धा त्यांनी हे कबूल केलं नाही. ते मनाशी म्हणाले, मला फक्त शिस्तीची काळजी आहे.

पण मत्सराला एकदा घरात घेतलं की तो ताटातही येऊन बसतो. साळू जेवताना बोलायला लागली की प्रत्येक वाक्य 'मावशी म्हणते' इथूनच सुरू होई. गुरुजींना भाकरी कडू लागू लागली. भाकरी काही कडू नव्हती. "आज करपलीय," असं म्हणून ते ताट सरकवत, आणि साळू तीच भाकरी आवडीनं खाई. ते पाहून त्यांना आणखी झोंबे.

परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा त्यांनी हुकूम काढला. तळ्याच्या पलीकडच्या काठावर राखणदारांची आबाळ होते, तरी भाकऱ्या थापणाऱ्या बाईनं तिकडे जावं. कोणाला काही खटकलं नाही. राखणदारांची आबाळ होतच होती.

जाताना मावशी गुरुजींच्या ओट्यापाशी आली. डोक्यावर परात, काखेत पोळपाट.

"गुरुजी, राग नका धरू. एक सांगून जाते," ती म्हणाली. "पोरीचं डोकं चांगलं आहे. मी रोज तिची चुकलेली गणितं ऐकली. ज्यात तुम्ही 'पावणे' म्हणता ना, पावणेदोन, पावणेचार, आता तेवढीच चुकतात. बाकी एक चुकत नाही. त्या शब्दाला ती काय धरते तेवढं विचारा. मला ते विचारता आलं नाही, मलाच त्याचा अर्थ ठाऊक नाही. आमच्यात पावणे म्हणजे घरी जेवायला येतात ते."

खरंच होतं. त्या गावात साधी माणसं 'पाव कमी चार' असं म्हणत. 'पावणेचार' हा पाठशाळेतला शब्द होता, तोही फक्त वरच्या वर्गातला.

"बरं बरं," गुरुजी म्हणाले. "या आता."

ती गेली आणि गुरुजींना उमगलं की ती बरोबर बोलली. क्षणात उमगलं, कारण ते खरंच मोठे गणिती होते. त्यांनी मनातल्या मनात साळूच्या अलीकडच्या सगळ्या चुका आठवून पाहिल्या. प्रत्येक चुकीत तो शब्द होता.

आता एवढंच करायचं होतं: साळूला हाक मारायची आणि एक प्रश्न विचारायचा. पण तो प्रश्न मावशीचा होता. तो विचारला आणि मुलगी सुधारली, तर ती मावशीमुळे सुधारली असं होणार. ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. उद्या विचारू, असं ते रोज म्हणत. मी माझ्याच पद्धतीनं तिला तयार करीन, असंही म्हणत. आणि मोठ्यानं गणितं सांगत. पंधरा दिवस असेच गेले.

चैत्रात परीक्षक आला. पाठशाळेच्या अंगणात सगळा गाव जमला. साळूची पाळी आली तेव्हा परीक्षकानं वर्षातलं सर्वांत अवघड गणित सांगितलं. तीन पाट, वाटेत मुरणारं पाणी, उन्हात आटणारं पाणी. साळूनं डोळे मिटले. एकेक वजावट ती बोलत गेली आणि एकही चुकली नाही. "शेतांसाठी उरल्या आठ घटका," ती म्हणाली. परीक्षकानं कौतुकानं मान हलवली.

"शाबास! आता शेवटचं. एका घटकेत पावणेचार शेतं भिजतात, तर आठ घटकांत किती?"

"अडतीस," साळू म्हणाली.

वरच्या वर्गातल्या मुलांत हशा पिकला. परीक्षकानं हात वर करून तो थांबवला. "मुली, पाणी आहे तीस शेतांचं. वरची आठ शेतं कशानं भिजवणार? पावणेचार म्हणजे तू काय धरलंस?"

"सव्वाचार म्हणजे चार आणि वर पाव," साळू घाबरत म्हणाली. "साडेचार म्हणजे चार आणि वर अर्धा. म्हणून पावणेचार म्हणजे चार आणि वर पाऊण."

आता कोणी हसलं नाही. परीक्षक हळूच म्हणाला, "तुझा विचार सरळ आहे, पोरी. शब्दच तेवढा वाकडा आहे. पावणेचार म्हणजे पाव कमी चार. तू काय धरतेस, हे तुला वर्षभरात कोणीच विचारलं नाही?"

साळूनं बापाकडे पाहिलं. गुरुजी जमिनीकडे पाहत होते.

पण नियम तो नियम. चुकीच्या गणितावर दार उघडलं असतं तर आठ शेतं कोरडी राहिली असती. साळूला वरचा वर्ग सोडावा लागला.

दुपारी घरी परतताना गुरुजींना राहवलं नाही. वाटेत थांबून ते म्हणाले, "साळू, मला ठाऊक होतं. तुझं कुठं अडतंय ते मावशींनी मला जाताना सांगितलं होतं."

"मग विचारलं का नाही, आबा?"

 गुरुजींनी खरं ते बोलून टाकलं. "कारण ते मला सापडलं नव्हतं. त्यांना सापडलं होतं."

 गुरुजींना वाटलं, आता ही चिडेल, रडेल. तिनं फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मी ढ नव्हते?"

"नव्हतीस गं," गुरुजी म्हणाले आणि वाटेवरच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पलीकडच्या काठावर गेले, मावशीपुढे हात जोडले आणि तिला परत घेऊन आले. तिनं त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. वर्ग सुटला तरी वर्षभरानं पुन्हा परीक्षा देता येत असे; पुढच्या चैत्रात साळूनं ती दिली आणि पहिली आली. तळ्याच्या दारावर तिनं चाळीस वर्षं काम केलं, आणि तिच्या गणितानं एक शेत कधी कोरडं राहिलं नाही. गुरुजीही बदलले. उत्तर चुकलं की ते मुलांना आधी विचारत, "तू काय धरलंस, बाळा?"

साळूनं बापाला शेवटपर्यंत मान दिला, त्यांचं आजारपण काढलं, त्यांना काही कमी पडू दिलं नाही. पण गणित अडलं की ती मावशीच्या चुलीपुढे जाऊन बसे. बापाकडे तिनं आपलं गणित पुन्हा कधी नेलं नाही, आणि गुरुजींनीही त्याचं कारण कधी विचारलं नाही.

तात्पर्य : अडलेल्या लेकराला कोणाच्या हातानं वाट सापडते याचा मत्सर जो करतो, तो वाटही अडवतो आणि लेकरूही गमावतो.