शेकरूच्या वाटेवरचा हिरडा

ढग जिथे टेकून विसावा घेतात, त्या डोंगरात चांगुणा राहायची. घरात तांदूळ उरले होते जेमतेम डबाभर, आणि बाबांचा पाय मोडलेला. म्हणून यंदा राबासाठी फांद्या तोडायला आईने तिलाच झाडावर चढवलं. राब म्हणजे फांद्या-पाला शेतात पसरून जाळायचा आणि त्या राखेत भाताचं बी पेरायचं. राब नाही तर रोपं नाहीत, आणि रोपं नाहीत तर भात कुठला?

बांधावर आंबा, हिरडा आणि उंबर गळ्यात गळे घालून उभे होते. मधल्या हिरड्यावर चांगुणाने कोयता उचलला आणि ती थांबली. गोल घरट्यातून शेकरूची दोन इवली पिल्लं डोकावत होती, तांबूस, झुबकेदार शेपटीची. शेकरू फांदीवरूनच फांदीवर जातं. हिरडा बोडका झाला तर त्यांचं घरही जाणार आणि वाटही. चांगुणाला रडूच आलं.

तिचा अश्रू पानावर पडला आणि तिथे बोटभर उंचीची एक सोनपंखी परी चमचमली.

"तीन इच्छा माग, बाळ," ती म्हणाली. "पण माझी जादू नवं काही घडवत नाही. इथलं उचलून तिथे नेते, एवढंच."

चांगुणाने घाईघाईने राबापुरत्या फांद्या मागितल्या. शेतात हिरवागार ढीग पडला. पण एका फांदीत घरटं लोंबत होतं, पलीकडच्या डोंगरावरच्या कुणा शेकरूचं. चांगुणाने लगेच परीला हाक मारली. दुसऱ्या इच्छेने तिने साऱ्या फांद्या परत झाडांना जोडायला लावल्या.

आता उरली एकच इच्छा. ती खूप वेळ विचार करत बसली. खाली वाऱ्याने पाचोळा सळसळ वाजत होता.

"रानात गळलेला पाला दे," ती हळूच म्हणाली. "पण वरचा वरचाच. खालच्यात किडामुंगी निजली असंल."

परी गोड हसली. तांबडी, पिवळी, सोनेरी पानं भिरभिरत आली आणि शेतात अलगद निजली. "आता दर चैत्रात वारा तुला पाला आणून देईल," परी म्हणाली आणि लखलखत्या उजेडात विरून गेली.

कोयत्याचा आवाज येईना म्हणून आई रागातच आली. तिने पाल्याचा ढीग पाहिला, मग वरचं घरटं पाहिलं.

"उतर खाली, बाय," ती म्हणाली. "हिरड्याला ऱ्हाऊ दे."

त्या वर्षी भात दाणेदार पिकला. नव्या तांदळाचं पहिलं जेवण सगळ्यांनी हिरड्याखालीच केलं. वर दोन शेकरं हिरड्याच्या फांद्यांवरून आंब्याकडून उंबराकडे निघाली होती. चांगुणा त्यांच्याकडे बघत पोटभर जेवली.