चतकोर किमतीचा कॅमेरा

कोकणच्या किनाऱ्यावर आरेखोल नावाच्या गावात चैताली कुबल नावाची एक तरुणी राहायची. तिचं काम पाण्याखालचं. पर्यटकांच्या पाठीला हवेची टाकी बांधायची, त्यांचा हात धरायचा आणि त्यांना समुद्राचा तळ दाखवून सुखरूप वर आणायचं. पाण्यावर जन्म काढलेली माणसं गावात पुष्कळ होती. पाण्याखाली रोज जाणारी बाई मात्र एकटी चैताली.

गावापासून थोडं आत, समुद्रात, एक बुडालेला खडक होता. गावकरी त्याला मोरखडप म्हणत. खडकावर प्रवाळ वाढलं होतं. प्रवाळ दिसतं झुडपासारखं, हाताला लागतं दगडासारखं, पण असतं जिवंत. त्याच्या आडोशाला मासळी अंडी घालते, पिल्लं मोठी होतात. मासळी तिथे म्हणून होड्याही तिथे. होडी थांबवायची म्हणजे नांगर टाकायचा. लोखंडी नांगर प्रवाळावर पडे, होडी वाऱ्याने हलली की फरफटत जाई, आणि वर ओढताना झुडपंच्या झुडपं मोडून टाकी. वरच्यांना त्याचा आवाजही येत नसे. चैताली ते रोज डोळ्यांनी पाहत होती. गेल्या हंगामात जिथे मासळीची दाटी होती, तिथे या हंगामात पांढरा चुरा पडला होता.

होडीवाल्यांच्या सभेत ती उभी राहिली. "मोरखडपावर नांगर टाकणं बंद करा," ती म्हणाली. "वाळूत वजनं सोडू, त्यांना दोरीने पिंपं बांधू. पिंपं वर तरंगतील, होड्या त्यांना बांधा."

सभेचे अध्यक्ष भार्गव तांडेल. बोलायला करडे, मनाने सरळ. त्यांनी चैतालीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही वर असतो, तू खाली. तुझ्या एका शब्दावर आम्ही नांगर का उचलायचे? दाखव, मग बोल."

मागे दोघेतिघे हसले. चैतालीची कानशिलं तापली. "दाखवते," ती म्हणाली. "तुळशीच्या लग्नानंतरच्या सभेत दाखवते."

दाखवायचं म्हणजे फोटो हवेत. तिने मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला. फोटोंत नुसतं हिरवं धुकं आलं. दगड कुठला आणि प्रवाळ कुठलं, हे तिचं तिलाच ओळखू येईना. खोल पाण्यात रंग पोचत नाहीत, तिथे उजेड आपला न्यावा लागतो. एका पर्यटकाकडे तिने तसा कॅमेरा पाहिला होता. घट्ट बंद होणाऱ्या पेटीत बसवलेला, दोन्ही बाजूंना दिवे. त्याने काढलेल्या फोटोत माशाच्या डोळ्याची कडसुद्धा दिसत होती. पण तिने साठवलेले पैसे त्या कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीलाही पुरत नव्हते.

आणि एका दुपारी तोच कॅमेरा तिच्या मोबाइलवर अवतरला. तीच पेटी, तेच दिवे, आणि किंमत चतकोर. खाली लिहिलं होतं, दुकान बंद होत आहे, शेवटचा नग, आजच्या दिवसापुरतं. बाजूला लाल आकडे उलटे पळत होते. तिने जमवलेल्या पैशांत कॅमेरा बसत होता, वर थोडे उरतही होते.

चैताली बराच वेळ ते चित्र बघत बसली. तिच्या डोळ्यांपुढे सभा उभी राहिली. भिंतीवर मोठे फोटो, मागे हसणारे गप्प, आणि भार्गवकाका चष्मा पुसून पुन्हा बघतायत. तिचं बोट पैसे भरायच्या बटणापाशी गेलं. तिथेच ते थांबलं. दिलेल्या नंबरवर तिने आधी फोन लावला.

पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. "बोला ताई. फोटोग्राफीची हौस दिसते."

चैतालीने भाबडेपणाने त्याला सगळं सांगून टाकलं. मोरखडप, नांगर, सभा, सगळं.

"मग तर हा कॅमेरा तुमच्यासाठीच राहिलाय," तो म्हणाला. "पैसे भरा, परवा दारात."

"दारात आल्यावर पैसे दिले तर चालतील?"

"नाजूक माल आहे ताई. आम्ही तसा पाठवत नाही."

"मग व्हिडिओवर एकदा दाखवा."

"माल गोदामात आहे, मी इकडे आहे."

"गोदाम कुठल्या गावाला?"

"ते कंपनीचं असतं. ताई, एवढे प्रश्न विचारत बसलात तर दुसरा कोणी घेऊन जाईल."

चैतालीने अजून एक विचारलं. "ही पेटी पाण्यात किती खोल चालते?"

"किती पण न्या," तो म्हणाला. "काही होत नाही."

हे ऐकून ती सावध झाली. तिच्या होडीवरच्या प्रत्येक वस्तूला हद्द होती. टाकीत हवा किती हे काट्यावर दिसायचं. दोरी किती वजन पेलते हे विकणारा सांगायचा. पाण्याखाली हद्द सांगते ती वस्तू माणसाला परत वर आणते. जिला हद्दच नाही अशी वस्तू तिने आजवर पाहिली नव्हती.

"विचार करून सांगते," म्हणत तिने फोन ठेवला.

ती ज्याच्या होडीवर काम करायची, त्या पास्कोल फर्नांडिसला तिने ही गोष्ट सांगितली. पास्कोल तिच्या बाजूचा माणूस. सभेत हसले नव्हते त्यांतला एक. तो म्हणाला, "घेऊन टाक गो बाय. सभा तोंडावर आली. निम्मे पैसे मी घालतो. गेले तर दोघांचे गेले."

"पास्कोलदादा, तुमचे गेले काय आणि माझे गेले काय, मिळणार त्यालाच."

"पण खरा निघाला तर?"

चैतालीच्याही मनात तेच होतं. खरा निघाला तर. उरलेल्या दुपारी ती पर्यटकांना खाली नेत होती, वर आणत होती, आणि डोक्यात हेच फिरत होतं. पाण्याखाली मोडलेलं प्रवाळ दिसलं की वाटे, भरावे पैसे. वर येऊन त्या माणसाची उत्तरं आठवली की वाटे, छे. आपण घाबरट आहोत की शहाण्या, हे तिला ठरवता येईना.

संध्याकाळी त्या माणसाचा आपणहून फोन आला. ती किनाऱ्यावर टाक्या धूत होती.

"ताई, तुमच्यासाठी मालकाशी भांडलो," तो म्हणाला. "किंमत अजून उतरवली. पाच मिनिटांत भरा."

"कॅमेरा दाखवा. लगेच भरते."

"पुन्हा तेच?"

"दाखवा, मग पैसे."

त्याचा गोडवा तिथेच संपला. "तुमच्यासारख्यांचं असंच असतं," तो म्हणाला. "हौस मोठी, हिंमत एवढीशी. जा मग सभेत हात हलवत."

चैतालीच्या हातातला पाइप वाळूत पडला. क्षणभर तिला वाटलं, पैसे याच्या तोंडावर मारावेत आणि हिंमत आहे हे दाखवून द्यावं. मग तिला कळलं, त्याला नेमकं तेच हवं आहे.

"हिंमत आहे म्हणूनच नाही म्हणते," ती शांतपणे म्हणाली. "सभेत हात हलवत जाईन, पण मान वर करून जाईन. आणि तुमचा हा नंबर उद्या सकाळी पोलीस ठाण्यात देणार आहे."

फोन बंद झाला. पुन्हा लावून पाहिला तर लागला नाही.

टाक्या धुवून झाल्या तरी ती तिथेच बसून राहिली. दाखवा, मग पैसे. हे शब्द तिच्या तोंडून आले होते, पण तिने ते आधी कुठेतरी ऐकले होते. भार्गवकाका हेच म्हणाले होते. दाखव, मग बोल. इतके दिवस ती त्या वाक्यावर धुमसत होती. तिला तो अपमान वाटला होता. आज तिने स्वतः तेच मागितलं आणि त्यात तिला काही गैर वाटलं नाही. फरक एवढाच होता, की त्या माणसाकडे दाखवायला काही नव्हतं. तिच्याकडे होतं. अख्खं मोरखडप होतं.

सकाळी ती पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देऊन आली. मग होडीवर गेली.

पास्कोलने विचारलं, "आता सभेत काय दाखवणार?"

"खडप दाखवणार," चैताली म्हणाली.

तुळशीची लग्नं झाली. सभा भरली. भार्गव तांडेलांनी पहिलाच प्रश्न तिला केला. "आणलेस फोटो?"

"नाही."

पुन्हा हसू उमटलं. या वेळी चैतालीची कानशिलं तापली नाहीत. हसू ओसरेपर्यंत ती थांबली.

"फोटोसाठी कॅमेरा घेणार होते," ती म्हणाली. "विकणाऱ्याला म्हटलं, आधी दाखव. त्याला दाखवता आला नाही, म्हणून मी घेतला नाही. तुम्ही मला म्हणालात, आधी दाखव. मला दाखवता येतं. उद्या सकाळी ओहोटीला पास्कोलदादांची होडी निघेल. काका, तुम्ही चला. मी हात धरून खाली नेते."

"या वयात काकांना बुडवतेस की काय?" मागून कोणीतरी म्हणालं.

भार्गव तांडेलांनी नजर खाली वळवली. आयुष्य समुद्रावर काढलेल्या माणसाला पाण्याखाली जाणं म्हणजे एकच गोष्ट माहीत असते, आणि तिचं नाव कोणी घेत नाही. चैतालीला ते दिसलं. तरी ती मागे हटली नाही.

"भीती वाटत असेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही," ती म्हणाली. "पण मग माझ्याकडे पुन्हा पुरावा मागू नका."

गावात भार्गव तांडेलांशी असं कोणी बोलत नसे.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

मोरखडपापाशी बांधायला काही नव्हतं, म्हणून पास्कोलने बाजूच्या वाळूत नांगर टाकून होडी थांबवली. चैतालीने काकांच्या पाठीला टाकी बांधली. "दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं खोल जाऊ, त्याच्या खाली नाही," ती म्हणाली. "कान दुखला की हात असा हलवा, तिथून लगेच वर. आणि माझा हात सोडायचा नाही."

पहिल्यांदा ते डोकं पाण्याखाली जाताच धडपडत वर आले. खोकले, थुंकले, होडीची कड घट्ट धरून राहिले. पास्कोल म्हणाला, "जाऊ दे काका, राहू दे."

"पुन्हा," भार्गव तांडेल म्हणाले.

दुसऱ्यांदा त्यांना टाकीतून श्वास घेणं जमलं. चैताली त्यांना हळूहळू खाली घेऊन गेली. खडपाची एक बाजू अजून शाबूत होती. पिवळी, जांभळी झुडपं आणि त्यांत लपाछपी खेळल्यासारखी नखाएवढी पिल्लं. काकांनी बोट पुढे केलं तशी ती आत पळाली आणि पुन्हा बाहेर आली. मग चैतालीने त्यांना दुसऱ्या बाजूला नेलं. तिथे सगळा पांढरा चुरा होता आणि त्यातून लांब चऱ्या गेल्या होत्या, शेतात नांगर फिरावा तशा.

ते पाहत असतानाच दूर, खडपाच्या पलीकडच्या टोकाला, वरून एक नांगर आला. कोणाची तरी होडी येऊन थांबली होती. नांगर झुडपांत पडला, थोडा थांबला, आणि सरकायला लागला. झुडपं एकामागून एक आडवी होत गेली. वर होडीत त्याचा आवाजही पोचणार नव्हता. पिल्लं उधळली आणि परत येऊन त्याच जागी गोल गोल फिरू लागली. आडोसा उरला नव्हता.

भार्गव तांडेलांनी चैतालीचा हात इतका आवळला की तिला कळ आली.

वर आल्यावर ते होडीत बसून राहिले. पास्कोलने दिलेलं पाणीही त्यांनी घेतलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाले, "एवढी वर्षं मीच नांगर टाकत आलो."

मग ते उठले आणि पलीकडच्या होडीला हाक घातली. "नांगर उचल."

"का हो काका?" होडीतल्या माणसाने विचारलं.

"मी सांगतो म्हणून नको उचलू," भार्गव तांडेल म्हणाले. "खाली ये, दाखवतो."

त्या हंगामात मोरखडपाच्या कडेने वाळूत वजनं सोडली आणि निळी पिंपं तरंगू लागली. सगळे लगेच वळले नाहीत. काही जण आजही नांगर टाकतात. चैताली त्यांच्याशी भांडत बसत नाही. टाकी पुढे करते आणि म्हणते, चला.

तात्पर्य: ज्याच्याकडे खरं असतं तो ते दाखवायला कचरत नाही. जो दाखवायचं टाळून घाई करतो, तो कितीही स्वस्त देवो आणि कितीही डिवचो, त्याला ताठ मानेने नाही म्हणावं; आणि आपल्याकडे कोणी पुरावा मागितला, तर रुसून न बसता तो समोर ठेवावा.