उपकाला सोडून सर्वांचे कल्याण

फार पूर्वी चंपानगरीत मणिरथ नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या जन्मात होता. राजाला जपाचे भारी वेड. रोज सकाळी तो गोमुखीत हात घालून ‘सर्वांचे कल्याण होवो’ असे मनातल्या मनात म्हणत माळ ओढी. मध्ये बोलायचे नाही; बोलल्यास जप पुन्हा पहिल्यापासून, असा त्याचा नेम होता.

एका सकाळी राजाची अंगठी सापडेना. चौकशीत वेळ न घालवता राजा म्हणाला, “उपक न्हाव्यानेच नेली असणार. त्याला सुळी द्या.” एवढे सांगून तो सर्वांच्या कल्याणासाठी पाटावर बसला.

थोड्याच वेळात अंगठी राणीला उटण्याच्या वाटीत मिळाली. पण राजाने दिलेली शिक्षा राजाच्या तोंडच्या शब्दानेच रद्द होई, असा कायदा होता. उपकाला तर शिपाई घेऊन निघाले होते. अमात्य धावतच जपघरात शिरला.

“महाराज, अंगठी मिळाली. उपकाला सोडा, एवढंच म्हणा.”

“हूं,” राजाने पंजा दाखवला. थांब.

शेजारी बसलेला पुरोहित कुजबुजला, “अमात्य, माळ तरी संपू दे.”

“माळ संपेपर्यंत माणूस संपेल.”

“त्याचं प्रारब्ध. महाराज बोलले तर केलेलं सगळं पुण्य वाया जाईल.”

तेवढ्यात आचारी डोकावला. राजाने भुवया उडवून, बोटे नाचवून आणि “हूं हूं” करून वरणावर तूप वाढवायला, खिरीत वेलची घालायला आणि खिडकीतले माकड हाकलायला सांगितले. जप अखंड चालू होता.

अमात्याला हसू आले आणि संतापही आला. संताप त्याने गिळला. एक पाट ओढून तो राजासमोर बसला, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू झाला, “सर्वांचे कल्याण होवो, उपक सोडून. सर्वांचे कल्याण होवो, उपकाची बायको सोडून. सर्वांचे कल्याण होवो, उपकाची म्हातारी आई सोडून.”

राजाचे मणी अडखळू लागले. अमात्य उपकाच्या शेळीपर्यंत पोहोचला, तेव्हा राजा भडकला. “हा कसला अभद्र जप?”

“आपलाच, महाराज. आपण मनात म्हणता, मी मोठ्याने म्हणतो.”

पुरोहिताने कपाळाला हात लावला. “बोलले. आता पहिल्यापासून.”

“बोललेच आहेत, तर आणखी एक शब्द बोलू दे,” अमात्य म्हणाला.

राजाचा चेहरा उतरला. गोमुखी टाकून तो सोवळ्यातच अनवाणी पळत सुटला. वधस्थळी पोहोचेपर्यंत त्याला अशी धाप लागली, की तोंडातून “हूं, हूं”शिवाय काही निघेना.

“शब्द पाहिजे, महाराज. कायदा आपलाच आहे,” सुळी देणारा मांग शांतपणे म्हणाला.

“सोड,” राजा कसाबसा म्हणाला. “चूक माझी.”

दोर सुटताच उपकाने राजाला दगडावर बसवले आणि उपरण्याने वारा घातला.

“तुला माझा राग नाही आला?”

“आलाय की. पण आधी दम खा.”

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, “भिक्खूंनो, शेजारी तापाने फणफणलेला सोबती पाणी मागत असता ज्याने आपला सूत्रपाठ थांबवला नाही, तो हा तिस्स तेव्हा मणिरथ होता. ‘पाठ मोडू नकोस’ म्हणणारा भद्रक पुरोहित होता. आजारी सोबती उपक होता, आणि अमात्य मीच होतो.”

तिस्स खाली मान घालून पाणी आणायला उठला. जे ओठांवर आहे ते दुसऱ्याच्या दारापर्यंत पोहोचवणे, हीच मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.