हत्तीचा चौकोन

"...पण बुवा, शिवण उसवते कशानं?"

माळवदे मास्तरांनी पुन्हा तेच विचारलं.

चिंधीबुवा सुईत दोरा ओवत होते. नजर अधू झालेली, दोरा सुईच्या शेजारून जात होता. मास्तरांनी मदतीला हात पुढे केला. बुवांनी तो कोपरानं बाजूला सारला.

बुवांचा मठ म्हणजे डोंगराच्या पायथ्याला एक पत्र्याची ओसरी आणि समोर कडुनिंब. लोक जुनी धोतरं, लुगडी, फाटके परकर आणून टाकत. बुवा त्यांच्या वाकळी शिवत आणि ज्याला थंडी वाजेल त्याला देऊन टाकत. म्हणून चिंधीबुवा. खरं नाव त्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं.

दिगंबर माळवदे मात्र नावानिशी प्रसिद्ध. तालुक्याच्या पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान. हाताला अशी सफाई, की सदरा उलटा घातला तरी कोणाला कळू नये. पेठेत म्हणत, प्रत्यक्ष देव समोर उभा राहिला तरी मास्तर त्याचं माप घेतील, आणि वर सांगतील, देवा, तुमचा डावा खांदा उतरलाय.

त्यांचा एकुलता एक मुलगा, हर्षल, गेल्या वर्षी धरणावर पोहायला गेला. परत आला नाही. एकोणीस वर्षांचा होता.

मास्तर रडले नाहीत. लोकांना त्याचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

आज त्यांच्या मांडीवर एक गोधडी होती. हर्षलच्या टी-शर्टांची. अगदी लहानपणीचा टीचभर पिवळा शर्ट, छातीवर हत्ती असलेला. तिथपासून शेवटच्या काळ्या, ढगळ शर्टापर्यंत सगळे त्यात आले होते. एका मापाचे चौकोन, रेषेला रेष लागलेली. लांबून सुरेखच दिसत होती.

जवळून पाहिलं, की जागोजागी उसवलेली दिसे. चौकोनांच्या कडा गुंडाळून आत पळाल्या होत्या आणि मध्ये फटी पडल्या होत्या.

मास्तर सांगू लागले. दोरा बदलून पाहिला, सुई बदलली, दुहेरी टीप मारली. पण हे होजिअरीचं कापड मुळात द्वाड, ओढावं तिकडे जातं. जन्मात कधी त्याला हात लावला नव्हता.

"घरात तर तेच होतं की ढीगभर," बुवा म्हणाले.

"त्याला तेच आवडायचं."

"आणि तुम्ही शिवलेलं?"

मास्तरांनी गोधडीवरचा एक सुटलेला दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळला.

"...काचतं म्हणायचा."

दर दिवाळीला मास्तर मुलाला स्वतः सदरा शिवत. अंगाबरोबर, नेमका. पोरगं वाढीला लागलेलं. संक्रांत येईस्तोवर तो काखेत काचायला लागे. आई म्हणे, जरा सैल करून द्या. सैल होणार कुठून? बाकीचे शिंपी मुलांच्या कपड्याला शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडतात, पोर वाढलं की उसवून वाढवता येतं. मास्तरांना तो गबाळेपणा वाटायचा. आतली कड ते कात्रीनं साफ करून टाकत, आणि मुलाला सांगत की माझं माप चुकत नाही, तूच ताठ उभा राहायला शीक.

शेवटी पोरानं ते सदरे घालणंच सोडलं. टी-शर्ट ताणतो. अंग वाढलं की तोही वाढतो. बापलेकांचं बोलणं मग जेवायला ये, दिवा मालव, एवढ्यावर आलं.

बुवांनी गोधडी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली. पिवळ्या चौकोनावरून बोट फिरवलं.

"हत्ती पुरता आलाय."

"हो." मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "शर्ट एवढासा. शिवणीत धरला असता तर सोंड आत गेली असती. मला त्यातलं एक सूतसुद्धा आत जाऊ द्यायचं नव्हतं, बुवा. म्हणून कडेलाच टीप घेतली."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांनाही तशीच. गोधडीला एक माप लागतं. हा सगळ्यांत लहान, म्हणून याच्या मापानं सगळे कापले."

"म्हणजे मोठा झालेला पोरगा लहानपणीच्या मापात बसवला."



बुवांनी विचारलं, ही गोधडी बाईंनी पाहिली का. मास्तर म्हणाले, पाहिली. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही.

ती म्हणजे त्यांची बायको, शालन. ती बरोबर आली होती, पण ओसरी चढली नव्हती. कडुनिंबाखाली मांडीवर एक गाठोडं घेऊन बसली होती. वाटेत मास्तरांनी ते धरायला मागितलं, तिनं दिलं नाही. त्यांना वाटलं, भाकरी असेल.

मास्तरांनी मग सगळंच सांगून टाकलं. शर्ट तिनं ट्रंकेत ठेवले होते. रोज उघडून हुंगायची. वर्षश्राद्धाच्या कीर्तनात महाराज म्हणाले, माया सोडा, मायेनंच माणूस बांधला जातो. मास्तरांना ते पटलं. ती दळण आणायला गेली असताना त्यांनी ट्रंक उघडली आणि सगळे शर्ट बेतले. गोधडी करायची, मठाला देऊन टाकायची, दोघांनी मोकळं व्हायचं. एवढाच हेतू.

"मग झालात मोकळे?"

"...उसवते आहे ना ती."

"ती राहू द्या. चौकोन काढल्यावर उरलं त्याचं काय केलं?"

"कातरण होती. केरात टाकली."

कडुनिंबाखाली हालचाल झाली.

शालनबाई उठल्या. पायऱ्या चढून आल्या, बुवांच्या पुढ्यात बसल्या आणि त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली.

भाकरी नव्हती. बाह्या होत्या. गळपट्ट्या होत्या, खालचे घेर होते, काखेचे तुकडे होते. केरातून एक एक वेचून, झटकून घड्या घातलेले. सगळ्यांत खाली तो काळा शर्ट होता. त्यांनी तो जमिनीवर पसरला, दोन्ही बाह्या नीट लांब केल्या. छातीच्या जागी चौकोनी भोक होतं. त्यातून ओसरीचं सारवण दिसत होतं.

मास्तर त्या भोकाकडे बघत राहिले. कापड त्यांनीच कापलं होतं, पण कापलेलं असं पसरून त्यांनी पाहिलं नव्हतं.

शालनबाई नवऱ्याकडे न बघता बुवांना म्हणाल्या,

"ह्यांनी चौकोन नेले, बुवा. माझं पोरगं हितंच राहिलं."

...



मग बुवांनी काळी बाही उचलली. तिची पट्टी हत्तीच्या चौकोनाच्या कडेखाली हलकेच सरकवली. फट झाकली गेली. हत्ती होता तेवढाच राहिला, सोंडेसकट.

"मास्तर, मुलांच्या सदऱ्याला आत जादा कापड राखतात. तुमच्या धंद्यात त्याला काय म्हणतात?"

मास्तरांनी मान वर केली. हा शब्द त्यांनी शिकाऊ पोरांवर ओरडताना उभ्या जन्मात किती वेळा वापरला असेल, त्याला गणती नव्हती.

"...माया."

"आणि तसं राखायचं झालं, तर शिकाऊ पोरांना काय सांगता?"

मास्तरांचे ओठ हलले, आवाज आला नाही. ते शालनबाईंकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू मोडत गेला. वर्षभर कोरडे राहिलेले डोळे ओसरीवर, भर दुपारी, परक्यासमोर वाहू लागले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"घट्ट होतं गं त्याला," ते म्हणाले. "खरंच घट्ट होतं. मी ताठ उभा राहा म्हणत राहिलो."

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

बुवांनी आपली सुई आणि दोरा मास्तरांपुढे धरला. मघाशी कोणाला हात लावू दिला नव्हता, तोच.

मास्तरांनी सुई घेतली. अंधारात दोरा ओवणारा माणूस, पण डोळ्यांत पाणी, दोरा सुईच्या शेजारून जाऊ लागला. एकदा गेला, पुन्हा गेला.

शालनबाईंनी त्यांच्या हातून सुई काढून घेतली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, ओवलं, आणि सुई पुन्हा त्यांच्या हातात ठेवली. मग गोधडीची दुसरी कड आपल्या मांडीवर ओढून त्या बाह्या निवडू लागल्या.

मास्तर पहिला टाका घालायला वाकले आणि थांबले.

"बुवा... मग कीर्तनात सांगितलं, ते खोटं?"

बुवा उठले. जाता जाता त्यांनी काळ्या शर्टाची मुडपलेली बाही सरळ केली.

"खोटं कशाला असेल? बरोबर सांगितलं त्यांनी, मास्तर. माया सोडा."