नावावरच्या धावा

एकदा एक कापडाचा ठोक व्यापारी धापा टाकत एका वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर येऊन बसला. ओसरीला पायऱ्या चारच होत्या. पण त्या चढल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा वैद्यांनी पाणी देऊन त्याला आधी स्वस्थ बसू दिले.

वैद्यांजवळ एक शिष्या होती. नुकतीच पदवी घेऊन आलेली, बुद्धीने तल्लख, अक्षर मोत्यासारखे. गुरुजी रुग्णाची नाडी पाहत, काय जाणवले ते सांगत, आणि ती ते वहीत टिपून घेई. अशा तिच्या सात वह्या भरल्या होत्या. स्वतः मात्र तिने अजून एकाही रुग्णाच्या मनगटावर बोट ठेवले नव्हते. आपले चुकले तर, ही धास्ती तिच्या मनातून जात नसे. नुसते वहीत टिपण्यात ती भीती नव्हती.

श्वास जागेवर आल्यावर व्यापारी म्हणाला, "वैद्यबुवा, माझे वडील चौपन्नाव्या वर्षी गेले. माडीवरच्या गोदामात चढताना जिन्यात बसले, ते उठलेच नाहीत. मला या दिवाळीत चौपन्नावं लागतंय, आणि हल्ली त्याच जिन्यात मलाही मधल्या पायरीवर बसावं लागतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठीक आहे म्हणाले, साखर थोडी जास्त आहे. गोळ्या दिल्यात, आणि अंग हलवा म्हणालेत. पण चालायला गेलो की कंटाळा येतो हो. आणि भीती काही जात नाही."

"कंटाळा कशाचा येत नाही तुम्हाला?"

व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. "क्रिकेटचा. एक सामना चुकवत नाही."

"खेळता?"

"बघतो."

वैद्य हसले. "गोळ्या चालू ठेवा. बाजारामागच्या मैदानावर रोज सकाळी तुमच्याच वयाची मंडळी टेनिसच्या चेंडूने खेळतात. चाळीस दिवस त्यांच्यात खेळा आणि मग या."

शिष्येने ते जसेच्या तसे टिपले, पण ती मनातून खट्टू झाली. काढा नाही, चूर्ण नाही. चेंडूफळी हे कुठल्या ग्रंथातले औषध?

चाळीस दिवसांनी व्यापारी परत आला तो तसाच धापा टाकत. मागून त्याच्या दुकानातले साठीचे दिवाणजी बॅट काखेत मारून चारही पायऱ्या झपझप चढून आले.

"एक दिवस चुकवला नाही," व्यापारी रुसल्यासारखा म्हणाला. "चारशे बारा धावा झाल्या माझ्या. मंडळी मला सलामीला पाठवतात. पण जिन्यात बसायचं काही सुटलं नाही. तुमचं औषध मला लागू पडलं नाही, वैद्यबुवा."

वैद्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. "दिवाणजी, हात इकडे करा," असे म्हणून त्यांनी दिवाणजींची नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली आणि समाधानाने मान हलवली. "उत्तम. औषध छान लागलंय. लिही मुली."

शिष्येचे पेन थबकले. "गुरुजी, रुग्ण शेटजी आहेत."

"असं का? दिवाणजी, तुम्हाला कसं वाटतंय?"

मालकासमोर आपली तब्येत सुधारल्याचे सांगणे दिवाणजींना जड गेले. "तसं बरं आहे. पडल्या पडल्या झोप लागते. पट्ट्याला दोन भोकं आत पाडून घेतली. गुडघेही कमी कुरकुरतात. शेटजींना धावायचा त्रास नको म्हणून रनर मीच असतो ना, ते चेंडू टोलवतात आणि मी पळतो. फिल्डिंगलाही त्यांच्या जागी मीच उभा राहतो. ते तेवढा वेळ झाडाखाली खुर्चीत बसतात."

व्यापारी खाली मान घालून आपल्या तळहातांकडे पाहू लागला.

"शेटजी," वैद्य मायेने म्हणाले, "धावा तुमच्या नावावर लागल्या, पण अंगी लागल्या दिवाणजींच्या. जेवणाचं आहे तसंच धावण्याचंही आहे, ज्यानं केलं त्याच्याच अंगी लागतं. मी तुम्हाला नुसता चेंडू टोलवायला पाठवलं नव्हतं. पळायचं, थांबायचं, धाप ओसरली की पुन्हा पळायचं. वाकून चेंडू उचलायचा. झेल सुटला की मंडळींची बोलणी खायची आणि हसायचं. तेवढ्यात छातीला काम मिळतं, नजर आणि हात जागे होतात, दुकानही तासभर डोक्यातून उतरतं. चालताना तुम्ही पावलं मोजता, म्हणून कंटाळता. चेंडूमागे धावणाऱ्याला आपण धावतोय याची आठवणच राहत नाही. माझं औषध एवढंच होतं, आणि तेवढंच तुम्ही दुसऱ्याला पाजलंत."

"मग आता?"

"आता रनर नको. पहिल्या दिवशी एकच धाव घ्या, मग बेताबेतानं वाढवा. छातीत जरा दुखलं तरी थांबा आणि डॉक्टरांना गाठा. आणि हो, दिवाणजींनाही त्यांची बॅटिंग द्या. बिचारे चाळीस दिवस नुसते पळतायत."

दिवाणजी पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. शिष्येने वहीत लिहिले, नावावर आणि अंगी. लिहिता लिहिता तिची नजर फडताळातल्या त्या सात वह्यांवर गेली, आणि तिचा चेहरा व्यापाऱ्यासारखाच उतरला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा व्यापारी तिसऱ्यांदा आला. चार पायऱ्या चढला आणि उभ्या उभ्याच बोलू लागला.

"एकूण बेचाळीस धावा, आणि अकरा वेळा धावबाद. मंडळी आता मला शेवटी पाठवतात." हे सांगताना तो भलताच खूश होता. मग त्याचा आवाज हळू झाला. "काल गोदामात गेलो. मधली पायरी कधी मागे पडली ते कळलंही नाही. वर पोहोचल्यावर आठवलं, आणि मग मात्र बसलो. दम लागला म्हणून नाही. वडील आठवले."

त्याने वैद्यांपुढे हात केला. वैद्यांनी आपले हात मांडीवरून उचलले नाहीत. त्यांनी फक्त शिष्येकडे पाहिले.

तिने वही मिटली. व्यापाऱ्याच्या मनगटावर तिने बोटे ठेवली, पण थोडा वेळ तिला काहीच कळेना. मग बोटांखाली एक संथ, भरलेली चाल जाणवू लागली. तिने मान वर केली.

गुरुजींनी तिची वही मांडीवर घेतली होती. पेनाचे टोपण काढत ते म्हणाले, "सांग. मी लिहितो."