बिनदाराच्या गडग्यातला सुरण

हात मागं घ्या ताई, गडग्याच्या आत हात घालायचा नाही. फोटो काढा हवे तेवढे, पण मातीला बोट लावू नका. दार शोधताय होय? दार नाहीच. रचल्यापासून या गडग्याला दार नाही. इकडं बघा, हा भाग गुडघ्याएवढा आणि तो घाटाकडचा छातीएवढा उंच. गवंडी दारू पिऊन आला होता का, असं मागं एका साहेबांनी विचारलं. म्हटलं, गवंडी नव्हताच. एका बाईनं एकेक दगड आणून रचलाय हा. बसा त्या पायरीवर, सांगते. मी आपली पानं कापत राहते, माझ्याकडं लक्ष देऊ नका.

आत आहे तो सुरण. बाहेर झऱ्याच्या पाटाला हे माजलंय ते अळू. दोन्ही घशाला खाजतात, दोन्हींना चिंच लागते, म्हणून लोक एका माळेचे मणी समजतात. पण स्वभावानं अगदी उलटे. अळूला रोज पाणी हवं, सांडपाणी का असेना. रोज हात फिरवावा लागतो. कापाल तेवढं फुटतं, नाही कापलं तर जून होऊन बसतं. सुरणाचं तसं नाही. एकदा मातीत ठेवला की पाठ फिरवायची. पावसाळाभर छत्रीएवढं पान मिरवतो, दिवाळीनंतर पान पिवळं पडून आडवं होतं, आणि मग वर नावनिशाणी राहत नाही. वैशाखापर्यंत मेल्यासारखा. मेलेला नसतो, आत निजलेला असतो. त्या दिवसांत त्याला पाणी घातलं किंवा उकरून बघितलं की तो खरंच मरतो.

हे आमच्या कुंभाळात आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठकूला ठाऊक नव्हतं.

ठकू झोऱ्यांच्या घरातली धाकटी सून. किती पिढ्या झाल्या कोण जाणे, तेव्हा घाटात रस्ता नव्हता, बैलांच्या पाठीवर मीठ यायचं. थोरली गोजा, धाकटी ठकू. गोजा संथ. ठकूच्या पायाला म्हणे भिंगरी बांधलेली. भात शिजतोय तोवर चार वेळा झाकण काढायची, त्यामुळं तिचा भात कायम कच्चा. कोंबडी अंड्यावर बसली की हिची तिच्याखाली चाचपणी सुरू. वाईट नव्हती हो, जीव लावणारी होती. पण जीव लावला की हात शिवशिवणारच, अशी तिची समजूत.

तिचा नवरा रायाजी दर कार्तिकात बैल घेऊन कोकणात उतरायचा, शिमग्याच्या आत मीठ घेऊन परतायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच खेपेला ठकू रडायला लागली. तेव्हा त्यानं इथंच, याच जागी, पान गळलेला सुरण दाखवला आणि हसत म्हणाला, "मी याच्यासारखा. दिसलो नाही तरी जित्ता आहे, असं समज." झालं. बोलणारा बोलून गेला, हिनं ते गाठीला बांधलं.

शिमगा आला. होळी पेटली, विझली. रायाजी आला नाही. बरोबरचे दोघे आले, तेही वाटेत चुकामूक झाली एवढंच सांगत. ठकूनं येऊन माती उकरली. गड्डा टणक होता, कोंबाचा डोळा गुलाबी होता. तिला हायसं वाटलं, पुन्हा माती लोटली. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल नीट बघितलं का आपण? पुन्हा उकरला. तिकडं गोजाचं अळू पाण्यावर कसं तरारलंय ते तिला दिसत होतं, म्हणून मग सुरणालाही रोज कळशी. गोजानं सांगून बघितलं, "ठके, त्याला पाणी दाखवू नकोस, त्याला निजू दे." पण कुणाला सांगता? सकाळी उकरायचं, दुपारी पाणी, सांजच्याला परत चाचपायचं.

चैत्रात एका सकाळी तिची बोटं गड्ड्यात मऊ रुतली. वास आला.

ठकूनं तिथल्या तिथं दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. कपाळ पुसलं. ना निरोप, ना खबर, ना कुणी काही पाहिलेलं. एका कुजलेल्या सुरणावरून तिनं जित्या माणसाचं सुतक धरलं. गोजा धावली, पण काचा पडून गेल्या होत्या.

आणि नवव्या दिवशी रायाजी घाट चढून आला. लंगडत. बैल घसरला होता, त्याच्याखाली पाय मोडला, महिनाभर खाली कुणाच्या तरी पडवीत पडून होता. अळूशी गोजा होती, पलीकडं पाठमोरी ठकू. तिचे रिकामे हात त्यानं बघितले, ती वळली तेव्हा कपाळ बघितलं, आणि विचारलं, "वैनी, माझ्या घरात कोण गेलं?"

आता गोजानं काय सांगायचं त्याला?

जुनी माणसं म्हणाली, झालं ते झालं, भर पोरी बांगड्या. ठकूनं ऐकलं नाही. "या हातांनी जितं माणूस मारलं," म्हणाली. "माझा हात न लागता सुरण उगवेल तेव्हाच भरीन." कुजलेल्या गड्ड्याला सुपारीएवढं एक पिल्लू धड उरलं होतं, ते गोजानं काढून परत पुरलं. त्या वर्षी ते उगवलंच नाही. कार्तिकात रायाजी पुन्हा निघाला. त्याच्याबरोबर यायला कुणी धजेना, म्हणून एकटाच. जिच्या बांगड्या फुटल्यात तिच्या नवऱ्याची सोबत कोण करणार?

मग ठकूचे हात परत शिवशिवायला लागले. स्वभाव का असा जातो? तेव्हा गोजानं तिच्या हातात विळा दिला आणि आपलं अळू तिला देऊन टाकलं. "हात गप बसत नाहीत ना, मग याला लाव. याला चालतं." ठकू कापत सुटली. रोज वड्या, रोज फदफदं. गावाला अळूचा वीट आला. तरीही राहवलं नाही की ती झऱ्यातून एक दगड आणायची आणि सुरणाभोवती ठेवायची, म्हणजे आपलाच हात आत पोचू नये. घाटाची वाट दिसते त्या अंगाला ती जास्त उभी राहायची, म्हणून त्या अंगाला गडगा उंच झाला. दार ठेवायचं तिला सुचलंच नाही, सुचलं असतं तरी ठेवलं नसतं.

याही वेळी शिमगा गेला. चैत्र गेला. ठकूनं ना उकरलं, ना डोकावलं. वैशाख सरता सरता ती ओच्यात पानं घेऊन अशीच इथं बसली होती, या माझ्या जागेवर, आणि मागून बैलांच्या घंटा वाजल्या. ती उठली नाही म्हणे. पानंच निवडत राहिली. रायाजी घाटाच्या अंगानं आला, छातीएवढ्या गडग्यावरून आत बघितलं आणि म्हणाला, "ठके, तुझा सुरण वर आलाय."

हिरव्या बांगड्या त्यानं खालूनच आणल्या होत्या. इथंच भरल्या.

तेव्हापासूनची ही रीत. आजही कुंभाळातलं माणूस लांब निघालं, फौजेत, बोटीवर, कुठंही, की घरची बाई एक सुरणाचं पिल्लू गडग्यावरून आत टाकते. पाठ फिरवते, आणि येऊन विळा हातात घेते. तुम्ही म्हणाल, आता फोन आहे. आहे की, माझ्याही कमरेला आहे. पण घटकेघटकेला फोन लावणं म्हणजे उकरणंच ते. लागला तर दिवसभर बरं, नाही लागला की आपण मनातल्या मनात बांगड्या फोडायला मोकळ्या.

म्हणून आमच्याकडं कुणाच्या घरी रोज अळू शिजायला लागलं, की शेजारीण काही विचारत नाही. नुसती परात घेऊन येते आणि वड्या वळायला बसते.

माझा थोरला ट्रक घेऊन आसामला गेलाय. आज सलग नववा दिवस, अळूचाच. ही घ्या जुडी, न्या घरी. चिंच मात्र विसरू नका. अहो, दोन घ्या, मला अजून कापायचंय.